एसटीमागची गाडी

आमच्या घरमालकांना उद्या कुणी थेट देवाच्या दरबारात नेऊन उभं केलं, तर देवाला हात जोडायच्या आधी ते मान वर करून विचारतील, "हितं खिडकी कुटं हाय?" जगात जे काही बिघडतं, मग ते इंजिन असो, संसार असो की ग्रामपंचायत, ते हवा कमी पडल्यामुळेच बिघडतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भरे नावाच्या गावात त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला मी गेलो, तेव्हा त्यांनी मला ना गाव विचारलं, ना पगार, ना लग्न झालंय का ते. खोलीच्या मधोमध मला उभं केलं, शर्टाचं वरचं बटण उघडायला लावलं आणि म्हणाले, "डोळं मिटा. लागती का?" मी म्हटलं, "काय?" "हवा वो! दुसरं काय लागणार? लागती का सांगा." मला काहीच लागत नव्हतं, पण खोली हवी होती, म्हणून मी भक्तिभावाने 'हो' म्हणालो. त्या 'हो'मध्ये त्यांना काही दम वाटला नसावा. दुसऱ्या दिवशी गवंडी आणून त्यांनी माझ्या उशाशी भिंतीला कलिंगडाएवढं भोक पाडून दिलं. त्यातून हवा क्वचित आणि शेजारचं मांजर रोज येऊ लागलं.

फ्रीजमध्ये भाजी गुदमरते म्हणून ते येता-जाता फ्रीजचं दार उघडं ठेवायचे, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, येता-जाता ते पायाने बंद करायच्या. मयतीच्या घरी भेटायला गेले की रडारड चालू असतानाच हे उठून एकेक खिडकी उघडत जायचे. "गेला त्यो गेला, हायेत त्यास्नी तरी हवा लागू द्या," असं म्हणायचे, आणि खरं सांगतो, लोकांना जरा बरं वाटायचं. गावातली बाकीची मंडळी आपल्या मुली हिंजवडीकडच्या पगारदार घरांत पडाव्यात म्हणून धडपडत असताना यांनी आपली एकुलती एक लेक टेमघरच्याही वर, घाटमाथ्यावरच्या एका वाडीत दिली. मुलगा बघायला गेले तेव्हा सगळे आत पोहे खात होते आणि हे अंगणात ओलं बोट वर धरून उभे होते. घरी येऊन काकूंना म्हणाले, "पोरगा बरा हाय. पर हवा! हवा लई खानदानी हाय." काकूंनी त्या दिवशी कपाळावर मारलेला हात अजून पुरता खाली आलेला नाही.

याला निव्वळ वेड म्हणून सोडून द्यावं, तर तीही सोय नव्हती. भाताची मळणी झाली की सगळ्या गावाला यांची आठवण व्हायची. धान्य उपणायला हे तिवईवर चढले, सूप डोक्याच्या वर धरलं आणि तोंडाने बारीक शीळ घातली की कुठून कोण जाणे, पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक यायचीच. भाताचा दाणा पायाशी सरळ रेषेत पडायचा आणि तूस त्यांना नमस्कार करून बाजूला उडून जायचं. गावाच्या पश्चिमेला त्यांचं एक वावर होतं. ते विकत घ्यायला एक बिल्डर मोठ्या गाडीतून आला, तेव्हा यांनी त्याला बांधावर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "तुमी बारा मजलं उभं करणार. मग वारं कुटनं यायचं?" बिल्डर म्हणाला, "प्रत्येक फ्लॅटला एसी देणार ना!" यांनी त्याच्या हातातला अर्धा चहा परत घेतला.

आता त्यांच्या गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी म्हणजे एक जुनी, छोटी, पांढरी डबी. इंजिन एवढंसं, की बॉनेट उघडल्यावर आत ते कुठे आहे ते शोधावं लागायचं. सपाटीवर ती गुणी मुलीसारखी चालायची, पण चढ दिसला की तिला धाप लागायची. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या घरी जाताना ही दोघं, दोन पाहुणे, धान्याचं पोतं आणि काकूंनी मांडीवर घेतलेली लोणच्याची चिनीमातीची बरणी, एवढा संसार घेऊन गाडी मुठा खोऱ्यातून घाटाला लागली. एका अवघड वळणावर तिने मान टाकली. घरमालक म्हणाले, "उतरा जरा, वळण पार करून घेतो." सगळे उतरले. वळण पार झालं, पण थांबलो तर पुन्हा सुटणार नाही या भीतीने हे थांबलेच नाहीत. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या काकू कडेवर बरणी घेऊन घाट चढू लागल्या. तेवढ्यात मागून एसटी आली. दारात उभ्या कंडक्टरने विचारलं, "मावशी, लोणचं घालायला इतक्या वर?" सगळी एसटी हसली. काकू बरणीसकट एसटीत चढल्या, आणि त्या दिवसापासून घरच्या गाडीत त्यांनी पाऊल ठेवलं नाही. "घाट चढंल त्या दिशी बसंन," एवढंच म्हणाल्या.

घरमालकांनी मिनतवाऱ्या केल्या, सीटला नवीन कव्हर घातलं, पुढे देवीचा फोटो लावला. काकू हलल्या नाहीत. मग एक अजब रिवाज सुरू झाला. लेकीकडे जायचं असलं की काकू थांब्यावरून एसटीत बसायच्या आणि हे रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागे मागे जायचे. एसटी थांबली की हेही थांबायचे. एसटीचा सगळा धूर खाऊन वर पोचेपर्यंत त्यांचा पांढरा सदरा राखाडी व्हायचा. एकट्याच्या वजनाला गाडी घाट कशीबशी, रडतखडत चढायची. मी एकदा विचारलं, "काका, मग तुम्हीही एसटीतच का नाही बसत?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवो इंजिनेर, तिनं मधीच म्हटलं, गाडीत बसते, तर? गाडी नको व्हय जवळ?"

मी इंजिनियर नाही. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये बसतो. पण माझ्याकडे लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपवाला भाडेकरू तो इंजिनियर, असा त्यांचा हिशेब होता. मीही तो कधी दुरुस्त केला नाही. शिवाय मला मोटारींचे व्हिडिओ बघायचं व्यसन होतं. हाताला कधी ग्रीस लागलेलं नव्हतं, पण तोंडाने मी कुठलंही इंजिन उघडून पुन्हा जोडू शकत असे. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना म्हणालो, "काका, तुमच्या गाडीला एअर इनटेक बसवू या." "म्हंजे?" "म्हणजे इंजिनाकडे हवा जाते ना, ती कंपनीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या बंद डब्यातून, एवढ्याशा नाकाने जाते. तो डबा काढून फेकायचा. त्याजागी रुंद नळी आणि उघडी जाळीदार गाळणी बसवायची. इंजिन छाती भरून हवा घेणार!"

घरमालक उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर जे तत्त्वज्ञान ते एकट्याने जगाला सांगत आले, ते कुठल्यातरी कारखान्यात नळी आणि गाळणीच्या रूपात तयार मिळतं, हे ऐकून त्यांना गुरुबंधू भेटल्यासारखं झालं. "म्हंजे बिचारी इतकी वर्सं नाक दाबून पळत व्हती," असं म्हणून त्यांनी अंधारात जाऊन गाडीच्या टपावरून हात फिरवला.

पार्सल आलं. लालभडक, सुळक्याच्या आकाराची गाळणी, चकचकीत नळी, आणि दोन गोल पट्ट्या. रविवारी सकाळी खळ्यावर गाडी उभी करून आम्ही बॉनेट उघडलं. व्हिडिओतला माणूस हे काम हसत-खेळत, शिट्टी वाजवत करतो. मी पहिला स्क्रू काढेपर्यंत घामाघूम झालो आणि दुसरा स्क्रू इंजिनात कुठेतरी कायमचा राहायला गेला. शेवटी काळा डबा निघाला. उघडला, तर आत उंदराने संसार थाटलेला! भाताचं तूस, पेंढ्याचे तुकडे, काकूंच्या निरांजनाच्या वाती आणि माझा पावसाळ्यापासून हरवलेला मोजा, असं सगळं गच्च दाबून भरलेलं. उंदीर बाहेर गेलेले होते. घरमालकांनी ते घरटं दोन्ही हातांनी अलगद काढून पेंढ्याच्या गंजीखाली ठेवलं. मी मात्र रिकामा डबा उंच धरून भाषण ठोकलं, "बघा काका! हे असले डबे देतात कंपनीवाले. उंदरांची वसाहत! फेका हा." नाकात बोळा असलेल्या माणसाला मी नवीन नाक बसवायला निघालो होतो, हे त्या क्षणी माझ्या सुपीक डोक्यात आलं नाही. मोजा मिळाल्याचा आनंद मोठा होता. घरमालक कुठलीच वस्तू टाकत नसत. त्यांनी डबा आणि त्याच्या आतला कागदी फिल्टर डिकीत ठेवला. "कोथमीर लावंन ह्यात."

नळी इंजिनाच्या तोंडापेक्षा बरीच मोठी निघाली. माप घ्यायचं असतं, हे व्हिडिओत सांगितलं असेल, पण तो भाग मी पुढे ढकलला होता. मग सायकलची जुनी ट्यूब कापून, गुंडाळून गुंडाळून आम्ही फट बुजवली. गाळणी वर ठेवली तर बॉनेट लागेना, म्हणून ती खाली बंपरच्या आत, रस्त्याला तोंड करून बसवली. "तोंड पश्चिमेला पायजे," घरमालक म्हणाले. मी समजावलं, "काका, गाडी वळते, दिशा बदलते." "पर घाटाला जाताना पश्चिमेलाच जाती की!" हे मात्र खरं होतं. नवीन वस्तू म्हणून पूजा हवी. काकूंनी हळदकुंकू द्यायला साफ नकार दिला, तेव्हा यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला उरलेला गुलाल आणून गाळणीला लावला. मी किल्ली फिरवली. गाडीने पहिल्या श्वासातच तो सगळा गुलाल ओढून घेतला आणि जी काही डरकाळी फोडली, की शेजारची म्हैस दावं तोडून ओढ्याकडे पळाली आणि पलीकडच्या आळीतला एकजण बोअर मारायची मशीन आली समजून आपल्याकडे किती फुटांवर पाणी लागेल ते विचारायला आला.

"श्वास घेतीया!" घरमालक खळ्यावर अक्षरशः नाचत होते. "ऐका, इंजिनेर, ऐका! श्वास घेतीया!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, हातात लेकीसाठी नव्या तांदळाची गोणी. म्हणाल्या, "रातभर एक घोरतंय, आता दिसाबी दुसरं."

"आवो, बसा की आता! घाट काय, हिमालय चढंल."

"आधी चढू द्या," काकू म्हणाल्या आणि थांब्याकडे चालू लागल्या.

"चला," घरमालक मला म्हणाले, "आज मागं मागं न्हाई. आज तिच्या डोळ्यांदेखत वर जायाचं."

आम्ही निघालो. आवाज विमानाचा आणि वेग बैलगाडीचा. पण आवाजाला भुलून मला वाटत होतं आपण उडतोय. दिवस भाताच्या सुगीचे होते. थांब्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेलाच दोन घरांची उपणणी चालली होती. वारा पडलेला, म्हणून त्यांनी मोठा पंखा लावला होता आणि सगळं तूस रस्त्यावर उडत होतं. व्हिडिओतल्या माणसाच्या गावात बहुधा भात पिकत नसावं. आमच्या लाल गाळणीने रस्त्यावरचं ते तूस असं ओढलं, जसं काही उपाशी होती. गाडी एकदा खोकली, दोनदा शिंकली आणि बरोबर थांब्यासमोर, काकूंच्या पुढ्यात, गप्प झाली. मी वाकून बघितलं. गाळणीला दाढी फुटली होती. उपणणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "पंखा कशाला लावला गं आपुन? ह्यांची गाडीच बोलवायची!"

एसटी आली. काकूंनी आमच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. गोणी उचलून त्या चढल्या आणि नेहमीप्रमाणे अगदी मागच्या, सगळ्यात जास्त आदळणाऱ्या सीटवर जाऊन बसल्या. एसटी निघून गेली. घरमालक बॉनेटवर हात टेकून त्या रस्त्याकडे बघत राहिले. "आजपतुर एकदाबी तिला एकटी जाऊ दिली न्हाई," एवढंच बोलले. त्यांच्या सगळ्या देहातली हवा गेल्यासारखी वाटली. मी मान खाली घालून गुलालाने लाल झालेली बोटं पुसत बसलो.

पण पुढच्याच क्षणी त्यांनी डिकी उघडली. काळा डबा बाहेर काढला. कागदी फिल्टर हातात घेऊन ते उपणणाऱ्या बायांकडे गेले, त्यांचं सूप मागून घेतलं, त्यात तो फिल्टर झाडला, पाखडला, पंख्यापुढे धरून असा फुंकला की भात उपणताना कधी फुंकलं नसेल. डबा धोतराच्या सोग्याने पुसला. मी नळी, पट्ट्या, ट्यूब सगळं उपटून काढलं. मोडतोडीत मी खरोखरच हुशार आहे. स्क्रू एकच उरला होता, म्हणून दुसऱ्या बाजूला त्यांनी सुतळी बांधली. किल्ली फिरवली. गाडी हळूच, खालच्या आवाजात, गुर्र करून चालू झाली.

आणि मग ती जी सुटली! मी त्या गाडीत अनेकदा बसलो होतो, पण ही ती गाडीच नव्हती. पहिल्याच चढाला घरमालकांनी सवयीने गिअर उतरवायला हात नेला आणि तो हात तसाच हवेत राहिला. गाडीला गरजच नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मांडीवरच्या लाल गाळणीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "काका," मी चाचरत म्हणालो, "मला वाटतं, उंदराच्या घरट्यामुळेच..." "गप बसा वो," ते म्हणाले. ते गात होते.

घाटाच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीपुढे एसटी उभी होती. काकू पलीकडच्या बाजूला कुणाकडून तरी काकड्या घेत होत्या. घरमालकांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. "वर जाऊन उभं ऱ्हातो," ते लहान पोरासारखे म्हणाले. "एसटी वर येईल तवा मी आधीच तितं! बघू दे तिला." मी म्हणालो, "व्वा काका, काय कल्पना आहे!" माझ्या सल्ल्यांची आजवरची परंपरा बघता ही कल्पना मला आवडली, तेव्हाच ते सावध व्हायला हवे होते.

ते लोणच्याच्या बरणीचं वळण आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. माथ्यावर पोचून त्यांनी गाडी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली लावली, सदरा झटकला, आरशात बघून केस बसवले आणि बॉनेटला टेकून असे उभे राहिले, जणू काही तिथे गेली दहा वर्षं त्यांचा पुतळाच आहे. बराच वेळ गेला. एसटी येईना. शेवटी खालून घरघर ऐकू आली. एसटी माथ्यावर थांबते न थांबते तोच दार उघडलं आणि काकू उतरल्या. गोणी नाही, पिशवी नाही. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पदर खोचून आल्या रस्त्याने खाली, घाटात चालू लागल्या. झपाझपा.

"आवो!" घरमालक ओरडले. "आवो, हितं! हितं हाय की मी!"

काकू वळल्या. बघतच राहिल्या. मग तिथेच रस्त्याच्या कठड्यावर मटकन बसल्या.

"मागं का न्हवता तुमी?"

"आवो, मागं कशाला? पुढं आलो! गाडी घाट चढली! एका दमात..."

"चुलीत घाला ती गाडी! मागं का न्हवता?" काकूंचा आवाज फाटला. "हरेक वळणाला मागं बघतीया मी. न्हाई, न्हाई, न्हाई! म्हटलं मोडक्या गाडीनं आला असाल आन् गेला दरीत..."

कंडक्टर गोणी आणि पिशवी घेऊन खाली उतरला. "काका, दोनदा गाडी थांबवायला लावली मावशींनी. दरीत डोकावून बघत व्हत्या. सगळी पाशिंजरं बी डोकवाया लागली."

"आन् मागची शीट काय हाडं मोडायला धरती व्हय मी?" काकू म्हणाल्या. "पुढं जागा असती की. पर मागच्या काचंतनं तुमी दिसता, म्हून बसते. धूर खात येता ते बघते. तोंड काळं झालेलं."

घरमालक उभेच्या उभे. हवेबद्दल ज्या माणसाकडे प्रत्येक प्रसंगी वाक्य तयार असायचं, त्याला त्या दिवशी घाटमाथ्यावर, खानदानी हवेत, एक शब्द सुचेना.  एसटीतली मंडळी खिडक्यांतून माना काढून बघत होती. कंडक्टरनेच शेवटी घंटी मारली.

काकूंनी डोळे पुसले, उठल्या, गोणी माझ्या हातात कोंबली आणि गाडीचं पुढचं दार उघडून आत बसल्या. "आता हितंच बसते," म्हणाल्या. "मान आखडली माझी, मागं बघून बघून." मी मागे, मांडीवर तांदूळ आणि तांदळावर ती लाल गाळणी घेऊन बसलो. घरमालकांनी गाडी चालू केली आणि क्लच असा सोडला की ती जागीच बंद पडली.  काकूंनी फक्त आपल्या बाजूची काच खाली केली.

त्यानंतर त्या एसटीत कधी बसल्या नाहीत. गाळणी आता त्यांच्या अंगणात उलटी टांगलेली आहे आणि तिच्यात कोथिंबीर येते, असं ऐकतो. मी आता नांदे गावातल्या एका सोसायटीत राहतो. खिडक्या मोठ्या आहेत, पण पलीकडे दुसरी सोसायटी उभी राहिल्यापासून उघडून फारसा उपयोग होत नाही. मीही एक छोटी गाडी घेतली आहे. तिच्यात काहीही जास्तीचं बसवलेलं नाही.

घाटाकडे जाताना कधी एसटीच्या मागे अडकलो, तर मी हॉर्न वाजवत नाही. मागच्या काचेकडे बघतो. बहुतेक वेळा तिथे कुणाची तरी पिशवी असते, नाहीतर झोपेत डुलणारं डोकं. मागच्या महिन्यात मात्र एक म्हातारी टक लावून माझ्याकडेच बघत होती. मला फार बरं वाटलं. मी हात केला. तेव्हा लक्षात आलं, तिची नजर माझ्या टपावरून पलीकडे, माझ्या मागून येणाऱ्या एका धुळकट मोटारसायकलवर होती. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.